चिंबोऱ्यांची वाटणी: प्युजेट साऊंड, कॅलिफोर्निया की मेरीलँड, कुठली पद्धत बरी?

वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साऊंड या खाडीकाठी, सिएटल-एव्हरेट साईडला राहणारे आपले बरेच जण हल्ली जुलै लागला की पॉट (खेकड्याचे पिंजरे) घेऊन पाण्यावर असतात. मग कधीतरी राज्याचं मासेमारीचे नियम ठरवणारं कमिशन खेकड्याच्या वाटणीवर लोकांची मतं मागवतं आणि विचारणा सुरू होते, की बाबा नक्की लिहायचं काय, हौशी लोकांना जास्त द्या म्हणायचं की कमर्शियलवाल्यांच्या पोटावर पाय नको म्हणायचं. मी स्वतः हौशीच आहे, दोन पॉटवाला, त्यामुळे माझं माप थोडं आपल्याच बाजूला झुकणार हे धरूनच पुढचं वाचा.

पहिली गोष्ट, भांडण अख्ख्या चिंबोऱ्यांचं नाहीच. १८५४-५५ च्या तहांमुळे इथल्या मूळ जमातींचा निम्मा हक्क आहे, १९७४ च्या कोर्टाच्या बोल्ट निकालाने तो माशांसाठी पक्का झाला आणि १९९४ ला शेलफिशसाठीही, म्हणजे खेकडे-शिंपल्यांसाठीही. म्हणजे उरलेल्या निम्म्यात आपण आणि कमर्शियल. "जमातींचं कमी करा" असं लिहून पाठवणारे असतात, त्यांनी टायपिंगचे कष्ट वाचवावेत, तो विषय कमिशनच्या हातातच नाही.

आता प्युजेट साऊंडची पद्धत. २०१० च्या ऑक्टोबरात कमिशनने धोरण बदललं आणि हौशी लोकांना ठरलेला उन्हाळी सीझन दिला: जुलैपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार), गुरुवार ते सोमवार, माणशी रोज ५ डंजनेस (इथला मोठा खेकडा), फक्त नर, कवच कडक आणि रुंदी सव्वासहा इंच. कमर्शियल बोटी १ ऑक्टोबरला उतरतात, म्हणजे खरं बोलायचं तर आपण जेवून उठल्यावर त्यांचं पान मांडलं जातं. आपण दोन लाखांच्या वर लायसन्सवाले, ते सुमारे अडीचशे लायसन्सवाले. पण आपल्याला माणशी २ पॉट आणि त्यांना एका लायसन्सला १००, त्यामुळे नुसती डोकी मोजून कोण मोठं कोण लहान ते कळत नाही.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे सुट्टी आधी ठरवता येते. पाहुणे भारतातून ऑगस्टमध्ये येणार असतील तर गुरुवार ते सोमवार धरून चाला, झालं. तोटा मात्र सगळा एका बाजूला जातो. एखाद्या वर्षी खेकडा कमी असला तरी आपले दिवस साधारण तेच राहतात आणि घट पडते ती ऑक्टोबरात उतरणाऱ्यावर, ज्याचा बोटीचा हप्ता मात्र कमी होत नाही. आणि फारच कमी झालं तर अख्खा भागच बंद करावा लागतो, साऊंडच्या दक्षिण टोकाला तेच झालंय.

कॅलिफोर्नियात वाटणी अशी नाहीच, हिस्सा वगैरे काही ठरलेलं नाही. हौशींचा सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, मधल्या किनाऱ्यावर कमर्शियलचा १५ नोव्हेंबरला, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे आधी आपल्याला मोकळं पाणी. त्यात आपल्याला माप पावणेसहा इंच आणि रोज १०, त्यांना सव्वासहा, म्हणजे मधला अर्धा इंच फक्त हौशींचा. हे मला हुशारीचं वाटतं, कारण मापानेच वाटणी होते, बोर्डावर पट्टी ठेवली की संपलं, वाद घालायला कुणी लागत नाही. पण एकदा कमर्शियल उघडलं की नुसती झुंबड, एकेका बोटीला परवान्याप्रमाणे १७५ ते ५०० ट्रॅप (तिकडे पॉटला हेच म्हणतात), आणि वर्षाचा बहुतेक माल सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांतच निघतो. त्यात हल्ली देवमासे ट्रॅपच्या दोरात अडकतात म्हणून कमर्शियलचं उघडणं लांबतं, कधी जानेवारीपर्यंत सुद्धा, म्हणजे थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसचं गिऱ्हाईक गेलं. हौशींनाही कधीकधी ट्रॅप बंद होतात आणि नुसत्या हूप नेटवर (कड्याच्या जाळीवर) भागवावं लागतं. २०१५-१६ ला तर डोमोइक अ‍ॅसिडमुळे (शेवाळातून खेकड्यात उतरणारं विष) दोघेही हात चोळत बसले होते.

मेरीलँडचा खेकडा वेगळा, चेसापीक खाडीतला निळा. तिथे हौशींची पकड म्हणजे कमर्शियलच्या नर पकडीच्या ८ टक्के असं धरून चालतात. आधीच्या सर्व्हेंमधून हा आकडा आला, पण दरवर्षी कुणी मोजत नाही, गुणाकार करतात! माद्या हौशींना २००८ पासून पूर्ण बंद, ज्या काही धरायच्या त्या कमर्शियलने. आपल्याकडे भरलेल्या मादीवर जीव टाकणारे लोक, त्यांना हे पचणार नाही. बाकी तिकडे दर हिवाळ्यात तळ खरवडून खाडीत एकूण खेकडे किती याचा अंदाज घेतात, त्यामुळे निदान ताटात किती आहे ते माहीत असतं. बुधवारी हौशींना बहुतेक सुट्टीच, ते एक बरं, खेकड्यालाही श्वास घ्यायला मिळतो.

आता टक्के की दिवस, हा खरा प्रश्न. कमिशनला लिहिताना लोक "आम्हाला इतके टक्के द्या" लिहितात, ऐकायला न्याय्य वाटतं, पण कमर्शियलचा माल धक्क्यावर वजन होऊन पावतीवर चढतो आणि आपला कार्डावर, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणाऱ्या पकड नोंदवायच्या कार्डावर, तेही आठवण झाली तर. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात अंदाज, यातून टक्के काढायचे कसे? म्हणून मला दिवस आणि माप ठरवणारी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, ती निदान मोजल्याचा आव आणत नाही.

पण तिला एक जोड हवी. खेकडा कमी असेल त्या वर्षी हौशींचेही दिवस कापायचे, आठवड्याच्या पाचाचे तीन करायचे, आणि ते सीझनच्या आधी जाहीर करायचं. मला हे लिहिताना त्रास होतोय, पण कमर्शियलचा वाटा म्हणजे फक्त त्या अडीचशे लायसन्सचा नाही हो, ज्याच्याकडे बोट नाही, पॉट नाही, आणि जो शनिवारी बाजारातून दोन जिवंत खेकडे आणून तिरफळ घालून कालवण करतो त्याचाही आहे. आपण "जनतेचा खेकडा" म्हणतो तेव्हा हा माणूस जनतेत धरत नाही, हे मला खटकतं.

शिवाय वाया जाणारं वेगळंच. साऊंडमध्ये दरवर्षी १२,००० च्या आसपास पॉट हरवतात असा अंदाज आहे, आणि झाकणाला सुती दोरी नसेल तर ते तळाशी बसून खेकडे मारत राहतात. सुती दोरी कुजते, झाकण उघडतं, खेकडा सुटतो, एवढं साधं आहे ते. नायलॉनने बांधणारे महाभाग मी धक्क्यावर रोज बघतो. आणि दुसरं, मऊ कवचाचा खेकडा. आपल्याकडे म्हणतात अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ, इथे चंद्रापेक्षा कात टाकण्याचा हिशेब जास्त चालतो, नुकती कात टाकलेल्यात मांस नसतंच आणि हाताळून परत टाकला तरी त्यातले बरेच मरतात. तो कुणाच्याच वाट्याला जात नाही.

तर तुमचं बघा. बोट असेल आणि उन्हाळाच तुमचा सीझन असेल तर आत्ताची प्युजेट साऊंडची पद्धत तुमच्या सोयीची, ती टिकवा म्हणून लिहा, पण कमी वर्षातल्या कपातीची ओळ जोडा. विकत घेऊन खाणारे असाल तर कमर्शियलसाठी किमान वाटा राखून ठेवा म्हणून बिनधास्त लिहा, हौशी मित्र थोडे रुसतील. कॅलिफोर्नियासारखा मापातला फरक इथे सुचवू नका असं माझं मत, साऊंडमध्ये इतके हौशी आहेत की अर्धा इंच खाली आणला तर पुढच्या वर्षीचे नर आपणच उचलू.

आणि उन्हाळ्याचं कार्ड १ ऑक्टोबरच्या आत भरा, एकही खेकडा मिळाला नसेल तरी भरावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी १० डॉलर जास्त.