न्यूटन-रॅफसनसाठी लावलेला चार रविवारांचा क्लास : ४ स्टार, पाचवा झेरॉक्सने खाल्ला

न्यूमेरिकल मेथड्सचा बॅक राहिला होता, दुसऱ्यांदा. त्यातलीच न्यूटन-रॅफसन, म्हणजे एका अंदाजापासून सुरू करून पायरीपायरीने समीकरणाच्या उत्तराजवळ जायची पद्धत. पहिल्यांदा अभ्यासच नव्हता हे मान्य, पण दुसऱ्यांदा सगळी सूत्रं तोंडपाठ असून राहिला, त्यामुळे आईने कुठूनतरी शोधून काढलेला पुण्यात पेरुगेटच्या मागचा एक क्लास लावला, जुन्या वाड्यात वरचा मजला, चार रविवार सकाळी साडेआठ ते साडेअकरा, फी २५००. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि सर भला माणूस आहे.

पहिल्या दिवशी सरांनी सूत्र लिहिलंच नाही. सगळ्यांना एकेक ग्राफपेपर, फूटपट्टी काढा म्हणाले, आणि एक्स क्यूब मायनस २ एक्स मायनस ५ चा कर्व्ह काढायला लावला. २ टाकला की उत्तर मायनस १, ३ टाकला की १६, म्हणजे रूट (ज्या एक्सला उत्तर शून्य येतं तो) या दोघांच्या मधे कुठंतरी आणि २ च्या जास्त जवळ, एवढं आधी बघायचं. मग २ वर उभं राहून कर्व्हला टॅन्जंट, म्हणजे स्पर्शरेषा, काढायची, ती एक्स अक्षाला कापते तिथं जायचं, तिथून परत कर्व्हवर चढायचं, परत टॅन्जंट. मी पेन्सिलीने काढली तर बरोबर २.१ वर कापली आणि खरं सांगतो, दोन वर्षं पाठ केलेलं 'फंक्शन भागिले डेरिव्हेटिव्ह' म्हणजे नुसता त्रिकोणाचा पाया आहे हे मला तेव्हा कळलं. उंची भागिले उतार, बस. दुसरी टॅन्जंट काढायला गेलो तर पेपरवर जागाच नाही, पेन्सिलीच्या टोकापेक्षा पाया छोटा, तेव्हा सर म्हणाले आता कॅल्क्युलेटर काढ.

कॅल्क्युलेटरची ट्रिक एकच पण फीचे निम्मे पैसे तिथंच वसूल. २ लिहून इज इक्वल टू दाबायचं, मग अख्खं सूत्र (एक्स मायनस, फंक्शन भागिले डेरिव्हेटिव्ह) एक्सच्या जागी आन्सचं, म्हणजे मागचं उत्तर आणणारं, बटण वापरून एकदाच टाईप करायचं आणि नंतर नुसतं इज इक्वल टू दाबत बसायचं. २.१, मग २.०९४५६८, मग २.०९४५५१४८, त्यापुढं आकडा हलतच नाही. बरोबर आलेले आकडे दर वेळी साधारण दुप्पट होतात ते डोळ्यांनी दिसतं. मी आधी प्रत्येक पायरी हाताने मांडून अर्धं पान भरवायचो आणि मधेच एखादा प्लस-मायनस चुकवायचो.

सरांना इतिहासाचा नाद आहे, चहाच्या सुट्टीत हमखास सुरू होतात, काही पोरं तेवढ्यात खाली अमृततुल्यला सटकतात पण मला आवडलं. हे समीकरण म्हणे खुद्द न्यूटनचंच उदाहरण, १६६९ च्या लिखाणातलं, आणि गंमत म्हणजे त्याने टॅन्जंट-बिन्जंट काही काढली नव्हती, एक्सच्या जागी २ अधिक पी टाकून वरच्या घातांच्या टर्म्स सोडून दिल्या, १० पी बरोबर १, म्हणून पी ०.१. मग २.१ अधिक क्यू घेऊन परत नवीन समीकरण. प्रत्येक वेळी नवीन समीकरण मांडायचा हा उपद्व्याप रॅफसनने १६९० मधे वाचवला, तेच सूत्र परत परत वापरून. आणि डेरिव्हेटिव्हवालं रूप १७४० मधे सिम्पसनने दिलं, त्याचं नाव मात्र सूत्रात कुठंच नाही. नावं ठेवायची तर नीट ठेवावीत की.

तिसरा रविवार सगळ्यात भारी कारण तो अख्खा फसण्यावर होता. एक्स क्यूब मायनस २ एक्स अधिक २, सुरुवात ० पासून. दाबलं, १ आलं. दाबलं, ० आलं. परत १. पंधरा पोरं एकसाथ ०, १, ०, १ करत बसलेली आणि सर खिडकीत उभं राहून हसतायत. उतार शून्य असेल तर टॅन्जंट अक्षाला भेटतच नाही, "सपाटीवर उभा राहून खाली कुठं जायचं विचारू नकोस बाबा, जागा बदल". एक्स मायनस १ च्या वर्गासारखं डबल रूट (तेच रूट दोनदा) असलं की गाडी रखडते, २, १.५, १.२५, १.१२५, दर वेळी फक्त अर्धं अंतर. कॉलेजात हे कुणी करून दाखवलं नव्हतं, तिथं प्रत्येक गणित तीन पायऱ्यांत सुटायचंच.

आणि तिथंच माझा बॅक का राहिला तेपण सापडलं. कॉस एक्स बरोबर एक्स, पेपरात आलेलं, माझं उत्तर ०.९९९८, आकडा छान स्थिर झालेला म्हणून मी खूश. सरांनी कॅल्क्युलेटर हातात घेतला, वरच्या कोपऱ्यातल्या डी वर, म्हणजे कोन डिग्रीत धरलाय या खुणेवर, बोट ठेवलं आणि काही न बोलता परत दिला. रेडियनमधे ०.७३९०८५. त्या डी मुळे वर्ष गेलं राव माझं.

आता तक्रारी. छापील नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स, पान ४ वर सूत्रातला मायनस प्लस झालाय, घरी तसंच टाकलं तर २ वरून १.९, १.६८, १.१२, रूटपासून लांबच चाललं, रात्री अकरापर्यंत माझंच काहीतरी चुकतंय समजून बसलो. सांगितल्यावर सर म्हणाले "अरे हो, सगळ्या बॅचेस सांगतात". मग बदला ना! पार्किंग नाही, पी वन पी टू (सम-विषम तारखेचं पार्किंग) न बघता गाडी लावली तर टोइंगवाले नेतात, माझी एकदा नेली. आणि सेकंट मेथड (डेरिव्हेटिव्हशिवाय, दोन बिंदूंतून रेषा काढून रूट शोधायची पद्धत) शेवटच्या वीस मिनिटांत गुंडाळली.

ग्राफपेपर घरून न्या, खालचं स्टेशनरीचं दुकान रविवारी दहाशिवाय उघडत नाही.