जुन्या फायबर बोटीसाठी पॉलिस्टर की इपॉक्सी?

माझी बोट २२ फुटी, फायबरची आणि चाळिशी ओलांडलेली. तिच्या अंगावर पॉलिस्टर आणि इपॉक्सी या दोन्ही रेझिनची, म्हणजे काचतंतूत मुरवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवांची, ठिगळं आहेत. डाव्या बाजूला चेनप्लेटखाली (डोलकाठीच्या तारा बांधायच्या पट्टीखाली) पॉलिस्टरचं, उजव्या कुशीवर आणि रडरवर, म्हणजे सुकाणूवर, इपॉक्सीचं. त्यामुळे तुलना करायला मला कुठे जावं लागत नाही. बोट वर काढली की तिच्याभोवती एक चक्कर मारायची.

हे लिहितोय ते अशा माणसासाठी, ज्याने जुनी बोट घेऊन टाकली आहे, चमच्याच्या दांड्याने सगळा हल, म्हणजे बोटीचं अंग, ठोकून कुठे टणक आणि कुठे बद्द वाजतं ते खडूने मांडून ठेवलंय, आणि आता कोणता डबा आणायचा यावर भागीदाराशी दोन रविवार वाद घालून झालाय. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) किती टक्के आणि मॅट (काचतंतूंची चटई) किती ग्रॅमचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी पॉलिस्टरची बाजू, कारण ती फारसं कोणी नीट मांडत नाही. तुमची बोट बहुतेक मुळात पॉलिस्टरचीच असणार. कारखान्यात बनलेल्या जुन्या फायबर बोटी जवळपास सगळ्या त्याच्याच. आणि मुंबईत या रेझिनवर हात बसलेली माणसं आहेत. वर्सोवा, मढ, ससून डॉक, किनाऱ्याने कुठेही जा, कोळ्यांच्या होड्यांना फायबर मारणारा कोणी ना कोणी भेटतोच. माझ्या ओळखीच्या कारागिराला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा वजनकाटा वापरत नाहीत. हवा बघतात, मगात हार्डनर सोडतात, दोनदा ढवळतात, आणि रेझिन त्यांना पाहिजे तेव्हाच धरतं, म्हणजे घट्ट होतं. सकाळी पहिला थर, चहानंतर दुसरा, जेवायच्या आधी तिसरा, संध्याकाळी घासायला मोकळे. ही गती इपॉक्सीला झेपत नाही. पैशांचंही तसंच. मी दोन्ही एकाच आठवड्यात घेतली तेव्हा इपॉक्सी किलोमागे चौपटीच्या घरात गेलं होतं. शिवाय जेलकोट, म्हणजे बोटीच्या अंगावरचा चकचकीत बाहेरचा थर. पॉलिस्टरच्या ठिगळावर तो मुकाट बसतो आणि पॉलिश केलं की ठिगळ शोधावं लागतं. इपॉक्सीवर जेलकोटचा भरवसा नाही, रंगच लावावा लागतो, आणि उघडं ठेवलं तर आपल्या उन्हात काही काळाने खडूसारखी भुकटी सुटायला लागते.

एकदा दादांना इपॉक्सीबद्दल छेडलं, तर म्हणाले, "चांगलंच असेल हो ते. पण माझी होडी आठ दिवसांत पाण्यात पाहिजे." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

फक्त दादांचं काम वेगळं आणि तुमचं-माझं वेगळं. नवी होडी बांधताना एक थर पुरता सुकायच्या आत दुसरा पडतो आणि दोन्ही एकजीव होतात. ओल्या गिलाव्यावर गिलावा. आपण चाळीस वर्षं सुकलेल्या भिंतीवर नवा गिलावा चढवत असतो. तिथे एकजीव होणं वगैरे काही नाही, ग्राइंडरने पाडलेल्या ओरखड्यांत पाय रोवून रेझिन जेवढं धरेल तेवढं. इपॉक्सी मुळात चिकटवायचंच द्रव्य आहे. कपाचा कान जोडायला आपण घरात जे अ‍ॅराल्डाइट काढतो, ते याच कुळातलं. नीट घासलेल्या जुन्या फायबरला ते जास्त घट्ट धरतं, आणि लाकडाला तर पॉलिस्टरपेक्षा खूपच. डेकच्या पोटात बाल्सा हे हलकं लाकूड असेल आणि स्टँशनच्या, म्हणजे कठड्याच्या खांबांच्या, बोल्टांतून पाणी मुरून ते कुजलं असेल, तर मी दुसरा विचारसुद्धा करणार नाही.

माझ्या डाव्या बाजूच्या ठिगळाची कड तिसऱ्या मोसमात उचलली. फार नाही, नख जाईल एवढी. खरं सांगायचं तर अर्धा दोष माझा होता. फुटलेल्या जागेभोवती, ६ मिलिमीटर जाडीला बारापट, म्हणजे ७० मिलिमीटरच्या वर उतार घासायला हवा होता. मी कंटाळून चाळीसवर थांबलो होतो. पण उजव्या बाजूलाही मी काही फार घाम गाळला नव्हता, आणि ते ठिगळ पाचव्या वर्षीही गप्प बसलंय. याला पुरावा म्हणत नाही. एक बोट, दोन ठिगळं, एक आळशी माणूस.

आता मुंबईची अडचण. इथे बोट वर येते मेच्या शेवटी आणि पाण्यात परत जाते पाऊस सरल्यावर. म्हणजे ती हाताशी असते नेमके ते चार महिने, जेव्हा भिंतींना ओल येते आणि उघडा राहिलेला पापड तासाभरात मऊ पडतो. कोरडे महिने शीड लावायचे, ओले महिने दुरुस्तीचे, असा उलटा संसार आहे. ओल दोन्ही रेझिनना वर्ज्य, पण इपॉक्सीची रुसायची तऱ्हा वेगळी.

इपॉक्सीवर तवंग येतो. दमट हवेत ते धरत असताना हार्डनरची गाठ हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी पडते आणि वर मेणचट थर जमतो. तो न धुता तसाच पॉलिश पेपर मारलात तर तो नुसता इकडचा तिकडे पसरतो, आणि त्यावर दिलेला पुढचा थर एक दिवस पापुद्र्यासारखा हातात येतो. थिनरने पुसू नका. साधं पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, बस. हे मी शिकलो ते अख्खा रडर दोनदा करून, त्यामुळे आता जुलैत डबा उघडतच नाही. बोट वर आल्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जे होईल ते, उरलेलं दसऱ्याच्या पुढेमागे, ऑक्टोबरच्या उन्हात. बोट पाण्यात जायला त्यामुळे थोडा उशीर होतो, भागीदार कुरकुरतो. खालच्या अंगाला फोड आले असतील आणि फोडल्यावर आंबट वासाचं पाणी निघत असेल, तर ते गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पावसाळाभर उघडे राहू द्या. ताडपत्रीखाली काय वाळायचं ते वाळो. भरायची घाई मात्र ऑक्टोबरच्या आत नको.

इपॉक्सीच्या बाकीच्या कटकटी पटकन सांगतो. त्याला अंदाज चालत नाही. लवकर धरावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते लवकर धरत नाही, कायमचं मऊ राहतं, आणि मग खरवडून काढण्यात दिवस जातो. छोटा डिजिटल काटा घ्या, कालवायला श्रीखंडाचे रिकामे डबे जपून ठेवा. उरलेलं रेझिन त्यातून वडीसारखं सुटून येतं. मे महिन्यात अर्धा किलो एकदम कालवून मगात ठेवलंत तर मगातून धूर निघतो, म्हणून थोडं थोडं कालवून पसरट ट्रेमध्ये ओतायचं आणि हार्डनर संथ जातीचा मागायचा. पॉलिस्टरसाठी आणलेलं मॅट इथे वापरू नका. त्याच्या तंतूंना धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये, म्हणजे पॉलिस्टरमधल्या पातळ द्रावकात, विरघळण्यासाठी असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट कडक राहून कोपऱ्यात बसत नाही. विणलेलं कापड घ्या. आणि हातमोजे. हार्डनरची खाज एकदा अंगाला लागली की पुढे नुसत्या वासानेही काहींचं अंग उठतं.

एवढं सगळं असून मी इपॉक्सीकडे वळलो, त्याचं कारण सांगताना थोडं ओशाळायला होतं. घराच्या माळ्यावरचा एक डबा.

फेब्रुवारीतली गोष्ट. रडरच्या वरच्या बिजागरीपाशी केसाएवढी चीर दिसली. काम दोनशे ग्रॅम रेझिनचं. आदल्या मे महिन्यात आणलेल्या पाच किलो पॉलिस्टरपैकी साडेतीन किलो माळ्यावर शिल्लक होतं, म्हणून निश्चिंत होतो. शनिवारी रात्री डबा उघडला, ढवळायला काठी घातली, आणि काठी उभीच राहिली. आत खरवस! पिवळट, थरथरणारा, सुरीने वड्या पाडाव्यात असा. वेलची तेवढी नव्हती.

पॉलिस्टरचं असं आहे की हार्डनर न घालताही ते डब्यात हळूहळू धरतच असतं. थंड जागेत काही महिने निघतात. गच्चीखालच्या घराचा माळा ही थंड जागा नव्हे. पुढच्या वर्षी तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षी मी डबा पलंगाखाली ठेवला, तरी तेच. तीन वर्षांत तीन डबे. दर वेळी पुन्हा मशीद बंदर, आणि स्टायरीनमुळे माल ज्वालाग्राही, म्हणजे लोकलने आणायची सोय नाही. टॅक्सीचं भाडं आणि फेकलेला खरवस जमेस धरला तर ते चौपटीचं गणित कुठल्या कुठे जातं. किरकोळीत किलोभर देणारा एखादा दुकानदार तुम्हाला भेटेलही. मला भेटलेले सगळे मोठा डबाच पुढे करत.

शिवाय बाटल्या. आपल्याकडे हे रेझिन पुष्कळदा हार्डनरला वेग देणारा एक्सिलरेटर न घातलेलं मिळतं, म्हणजे कोबाल्टची बाटली वेगळी आणि पेरॉक्साइडच्या हार्डनरची वेगळी. एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळल्यावरच दुसरं घालायचं. दोन्ही थेट एकमेकांत पडले तर भडका. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. यार्डात हे सगळं ठीक आहे. पण एके दिवशी बायकोने विचारलं, "लोणच्याच्या बरणीशेजारी हे काय ठेवलंयस?" मी खरं उत्तर दिलं, आणि त्याच संध्याकाळी बाटल्या दादांकडे पोचवल्या.

इपॉक्सीचे दोन डबे त्याच माळ्यावर चौथं वर्ष काढताहेत. हार्डनर लालसर झालाय, काम करतो. एका जानेवारीत रेझिनने मधासारखी साखर धरली होती. डबा गरम पाण्याच्या बादलीत बसवला, तासाभरात पूर्ववत. जुन्या बोटीची मागणी वाण्याच्या उधारीसारखी असते, थोडी थोडी पण वर्षभर चालू. आज क्लीटखालचं (दोर बांधायच्या खुंटीखालचं) भोक, दोन महिन्यांनी हॅचची (डेकवरच्या झाकणाची) कड. शंभर ग्रॅम काढा, झाकण लावा, डबा परत माळ्यावर. माझ्यासारख्या रविवारच्या माणसाला रेझिनकडून याहून जास्त काही नको असतं.

कोणी तरी व्हिनिल एस्टर हे तिसरं रेझिन सुचवेलच. पाण्याला ते पॉलिस्टरपेक्षा चांगलं तोंड देतं असं जाणते सांगतात आणि माझं काही म्हणणं नाही. पण डब्यात ते टिकायला आणखी नाजूक, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

आता तुमचं काम माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. अख्खा तळ नव्याने थर देऊन जाड करायचा असेल, वीस-पंचवीस किलो रेझिन लागणार असेल आणि दादांसारखा माणूस आठवडाभर मिळत असेल, तर पॉलिस्टर घ्या आणि कारागिराच्या हाताला त्याच्या सवयीचंच काम द्या. डबा उघडल्यापासून आठवड्यात संपणार, तिथे माझं गाऱ्हाणं लागूच होत नाही. भर मोसमात काही फुटलं आणि उधाणाच्या ओहोटीला बोट चिखलावर टेकवून भरतीच्या आत ठिगळ मारायचं असेल, तरी पॉलिस्टरच. इपॉक्सी तेवढ्या वेळात तयार होत नाही. ते ठिगळ मात्र मे महिन्यात काढून टाकायचं, ही तारीख तेव्हाच लिहून ठेवा. वरच्या अंगाच्या जेलकोटचे टवके हेही पॉलिस्टरचं खातं. जेलकोटचा डबासुद्धा खरवसाच्याच जातीचा, म्हणून सगळे टवके वर्षातून एकदा, एका दमात भरायचे.

आणि पॉलिस्टर घ्यायचं ठरलंच, तर मे महिन्यात घेऊ नका, आणि दुकानात उभं राहून डब्यावरची तारीख वाचा. दुकानदार पुढच्या रांगेतला डबा काढून देतो. मागचा मागा. तो कपाळाला आठ्या घालेल, पण देतो.