दोन इंजेक्शनांमधले अंतर: केलॉइडवरील स्टेरॉइड उपचाराचा काही महिन्यांचा अनुभव

छातीच्या मध्यभागी मुरमाच्या जागी उठलेला वण मूळ जखमेची हद्द ओलांडून दोन्ही बाजूंना पसरू लागला, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी तो केलॉइड असल्याचे सांगितले आणि वणाच्या आत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने सुरू केली. उपचार सुरू होऊन आता बरेच महिने झाले आहेत. लोक औषधाच्या ताकदीविषयी पुष्कळ विचारतात, पण दोन इंजेक्शनांमध्ये किती अंतर ठेवायचे हा प्रश्न मला तितकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा वाटतो.

हे अंतर साधारणपणे ४ ते ६ आठवड्यांचे ठेवतात. ट्रायमसिनोलोन पाण्यात सहज न विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपात असते, त्यामुळे ते टोचलेल्या जागी साठून राहते आणि काही आठवडे सावकाश काम करत असते. या काळात वणातील दाह उतरतो, तंतुपेशींची वाढ मंदावते आणि त्या बनवत असलेले कोलॅजन, म्हणजे वणाला घट्टपणा देणारे प्रथिन, कमी तयार होते. आधीच्या मात्रेचे काम चालू असतानाच पुढची मात्रा दिली, तर वणाबरोबर शेजारची निरोगी त्वचाही पातळ होण्याचा, तिथे खळगा पडण्याचा, रंग फिका होण्याचा किंवा बारीक रक्तवाहिन्या दिसू लागण्याचा धोका वाढतो. उलट, वण अजून सक्रिय असताना फार लांबण पडली, तर मऊ झालेला भाग पुन्हा घट्ट होऊ लागतो.

पहिली इंजेक्शने फार दुखली, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. घट्ट वणात औषध सहजासहजी शिरत नाही आणि डॉक्टरांना बराच जोर लावावा लागतो. औषध वणाखालच्या चरबीत गेले तर खळगा पडतो, म्हणून सुई वणाच्या गाभ्यातच ठेवावी लागते. बदलाचा क्रम मात्र दिलासा देणारा होता: आधी खाज आणि ठणका गेला, मग वण मऊ झाला आणि उंची सर्वांत शेवटी उतरली. रुंदी फारशी कमी झाली नाही. ही इंजेक्शने वण सपाट करतात, पुसून टाकत नाहीत, हे आधीच माहीत असावे.

वण मऊ झाल्यानंतर कडेला त्वचा किंचित पातळ दिसू लागली, तेव्हा डॉक्टरांनी अंतर वाढवले आणि मात्राही कमी केली. ट्रायमसिनोलोन प्रति मिलिलीटर १० ते ४० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेत वापरतात, त्यामुळे असा बदल करायला वाव असतो. प्रत्येक भेटीत बोटाने वण चाचपून, कुठे अजून कडकपणा आहे ते पाहून तेवढ्याच भागात टोचण्याची त्यांची पद्धत मला अतिशय योग्य वाटली. सपाट झालेल्या भागाला केवळ तारीख आली म्हणून पुन्हा औषध देण्यात काही अर्थ नाही.

सुरुवात केव्हा करावी, हाही वेळेचाच प्रश्न आहे. जखमेच्या हद्दीतच राहिलेला, नुकताच उठलेला वण काही महिन्यांत आपोआप ओसरू शकतो, म्हणून तिथे सिलिकॉनची पट्टी लावून काही काळ वाट पाहता येते. खाजणाऱ्या आणि पसरत जाणाऱ्या केलॉइडच्या बाबतीत मात्र वाट पाहून चालत नाही, कारण तो जुना व कठीण झाला की औषधाला कमी दाद देतो. शस्त्रक्रियेने केलॉइड नुसता कापून काढला तर तो परत येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून अनेक डॉक्टर शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच इंजेक्शने सुरू करतात, पण स्टेरॉइडमुळे जखम सावकाश भरते, हे लक्षात घेऊन टाके कधी काढायचे ते ठरवावे लागते.

चार-पाच इंजेक्शनांनंतरही वण तसाच राहिला, तर तेच औषध चालू ठेवण्याऐवजी अतिशीत उपचार (वण गोठवणे) किंवा ५-फ्लुरोयुरॅसिल या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाची जोड देण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. मधुमेह असलेल्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण रक्तातील साखर काही काळ वाढू शकते. माझी इंजेक्शने सध्या थांबवली आहेत. वण पुन्हा खाजू लागला किंवा कडक झाला, तर पुढची तारीख येण्याची वाट न पाहता दाखवायला या, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे.