गच्चीवरची टाकी आणि उनो आर३: उन्हाळा, पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होऊन उघडणारा-मिटणारा स्विच) वाचायचा आणि टाकी भरली की खालचा पंप बंद करायचा, एवढ्याच कामासाठी आर्डुइनो उनो आर३ हा प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड लावला. गेल्या उन्हाळ्यापासून तो चालू आहे. बोर्डाबद्दल माझी तक्रार नाही. पण डिजिटल इनपुट म्हणजे शून्य ('लो') नाहीतर एक ('हाय'), त्यात काय वाचायचं, असं जे धरून चाललं जातं, त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

टेबलावर सगळं छान चालतं. बटण, वीतभर वायर आणि चिपच्या आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिनला 'हाय'कडे ओढून धरणारा रेझिस्टर), बस. पुल-अप नसलेली मोकळी पिन नुसता हात जवळ नेला तरी मनाला येईल ते दाखवते, हे बहुतेकांना लवकरच कळतं. खरी परीक्षा वायर तीन मजले वर गेली की सुरू होते.

उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमधला पुल-अप २० ते ५० किलोओहममध्ये कुठेही असू शकतो. ५ व्होल्टवर चालताना ही चिप १.५ व्होल्टच्या खाली नक्की 'लो' वाचते आणि ३ च्या वर नक्की 'हाय'. मधल्या पट्ट्याची हमी कुणी देत नाही. आता जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरून पिन आणि ग्राउंडच्या दोन वायरींमध्ये समजा २० किलोओहमची गळती झाली. पुल-अप ३५ किलोओहमचा धरला, तर स्विच उघडा (म्हणजे सर्किट तुटलेलं) असूनही पिनवर जेमतेम १.८ व्होल्ट उरतात, म्हणजे नेमका तो मधला पट्टा! जुलैत झड लागली की माझं वाचन असंच हेलकावे खायचं आणि ऊन पडलं की सुरळीत व्हायचं. प्रोग्राममध्ये कितीही डोकं घातलं तरी हे सुटत नाही. बाहेरून १ किलोओहमचा पुल-अप लावला, तर तेवढ्याच गळतीवर पिनला ४.७ व्होल्टच्या वर मिळतात. शिवाय स्विच मिटलेला असताना त्यातून ५ मिलिअँपिअर वाहतात. आतल्या पुल-अपवर फार तर पाव मिलिअँपिअर जातो, आणि काळवंडलेल्या जोडांना तो पुरत नाही.

पंपाचा कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा मोठा रिले) ओढला की वायरवर झटके येतात. त्यासाठी पिनच्या अगदी जवळ १० किलोओहम सीरिजमध्ये आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. एक मिलिसेकंदाचा हा फिल्टर बारीक टोचे गिळतो.

डिबाउन्सचं, म्हणजे स्विचची थरथर थांबून वाचन स्थिर होईपर्यंत वाट पाहण्याचं गणित प्रत्येक स्विचचं वेगळं. बटणाला ३० मिलिसेकंद पुरतात. फ्लोटला मात्र पाण्याच्या लाटा हलवतात, म्हणून सलग ५ सेकंद एकच वाचन आलं तरच मी ते खरं मानतो. वेळ मिलिस()ने, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनने मोजावी, प्रोग्राम थांबवून ठेवणाऱ्या डिलेने नाही. हा काउंटर साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, पण 'आत्ताची वेळ वजा आधीची वेळ' अनसाइन्ड लाँगमध्ये (ऋण चिन्ह नसलेल्या पूर्णांक प्रकारात) काढली की काही बिघडत नाही.

एक गोष्ट मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. टाकी रिकामी असताना मिटलेला आणि भरल्यावर उघडणारा स्विच घ्या. म्हणजे वायर तुटली तरी बोर्डाला टाकी भरलेलीच दिसते आणि पंप सुरू होत नाही. दिवाळीच्या सुमारास खारीने वायर कुरतडली, तेव्हा पाणी आलं नाही एवढंच झालं. गच्चीवर पूर आला नाही.

उनोऐवजी ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा बोर्ड घेणाऱ्यांनी ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिना जपून वापराव्यात. त्या फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाही. तिथे पुल-अपही ३.३ व्होल्टलाच बांधायचा, ५ ला नाही. उनोवर ० आणि १ या पिना सिरियलसाठी, म्हणजे संगणकाशी बोलण्यासाठी सोडाव्यात.

वळवाच्या आधी पीसी८१७ ऑप्टोकपलर (विजेची जोडणी न ठेवता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) आणि गच्चीच्या बाजूला वेगळा सप्लाय घालून ती वायर बोर्डापासून अलग करणार आहे. विजांच्या दिवसांत एवढी लांब वायर पिनच्या इतक्या जवळ ठेवणं मला पटत नाही.