‘माय प्लेस’ वर्गात लावायचं असेल तर

सॅली मॉर्गनचं ‘माय प्लेस’ हे आत्मचरित्र १९८७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालं आणि तिथल्या हायस्कुलांत नेमलं जाऊ लागलं. आपल्या राज्य मंडळाच्या इंग्रजीत ते नाही. पण अकरावी-बारावीला पूरक वाचन म्हणून एखादं परदेशी पुस्तक निवडायचं असेल, तर मराठवाड्यातल्या वर्गासाठी आमची पहिली पसंती हीच. सुरुवातीच्या प्रकरणांतच शाळेतली पोरं सॅलीला विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? ती घरी येऊन आईला विचारते. आई सांगते, सांग त्यांना, आम्ही इंडियाचे. आणि लेकरं खुश होतात. हा प्रसंग वाचला की लातूरच्या काय, किनवटच्या काय, वर्गात चुळबुळ थांबते.

घर पर्थ शहराच्या मॅनिंग भागातलं. बाप युद्धावरून खचून परतलेला, आई ग्लॅडिस, आणि आजी डेझी, जिला सगळे नॅन म्हणतात. आजी ॲबोरिजिनल, म्हणजे गोरे येण्याआधीपासून ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या लोकांपैकी आहे हे सॅलीच्या ध्यानात येतं तेव्हा ती साधारण पंधरा वर्षांची असते. तोवर घरात कुणी चकार शब्द काढलेला नसतो.

इथेच शिकवणाऱ्याची पहिली चूक होते. पुस्तकाचं कोणतंही गाईड किंवा सारांश पहिल्या ओळीतच हे गुपित फोडून टाकतो. लातूर पॅटर्नच्या सवयीनं मुलं आधी नोट्स मागतात, आणि नोट्स वाचून पुस्तकाकडे आली की पहिला एकतृतीयांश हिस्सा त्यांना ‘नुसतं बालपण’ वाटतो, कंटाळवाणा वाटतो. प्रत्यक्षात सगळी मेख त्याच हिश्श्यात आहे. पाहुणा आला की आजी आत का जाते, सरकारी माणूस दिसला की का धास्तावते, घराबद्दलचे प्रश्न का टाळते, हे मुलांनी कारण न कळता टिपून ठेवायला हवं. वहीला मधोमध रेघ मारून डावीकडे ‘काय घडलं’ लिहायचं, उजवी बाजू कोरी ठेवायची. आजीचा भाऊ आर्थर, ग्लॅडिस आणि डेझी या तिघांच्या कहाण्या झाल्या की उजवी बाजू भरायची. ही एक युक्ती पाळली तरी निम्मं काम होतं.

त्या तीन कहाण्या म्हणजे पुस्तकाचा गाभा. आर्थर सगळ्यात आधी बोलतो आणि सॅली ते टेपवर घेते. मग आई. सगळ्यात शेवटी, आजारपणात, आजी. हा क्रम बदलू नका. १९९० मध्ये लहान वाचकांसाठी याच पुस्तकाचे तीन वेगळे भाग निघाले: सॅलीचा, आर्थरचा आणि मायलेकींचा. वजनाला हलके आणि एकेका महिन्यात संपणारे म्हणून ते सोयीचे वाटतात, पण आम्ही ते घेऊ नका म्हणू. एकाच्या कहाणीनं दुसऱ्याचं तोंड उघडतं, हा धागा तिथे तुटतो. अखंड आवृत्तीच घ्या. ती साडेतीनशे पानांच्या वर जाते. छापील प्रत बहुधा मागवूनच घ्यावी लागेल, तेव्हा सत्र सुरू व्हायच्या आधीच मागणी नोंदवा. सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर पान क्रमांक जुळत नाहीत आणि तासाची दहा मिनिटं पान शोधण्यात जातात.

वेळ किती लागतो? आठवड्याला तीन तास धरले तर आठ आठवडे. बालपणाला दोन, कागदपत्रांच्या शोधाला आणि आर्थरला दोन, उत्तरेकडच्या प्रवासाला एक, आईला एक, आजीला दोन. आजीची कहाणी पानांनी लहान आहे म्हणून एका तासात उरकू नका.

इंग्रजी सोपं आहे, संवाद भरपूर आहेत. सेमी-इंग्रजीचा मुलगा शब्दकोशाशिवाय पाच-सहा पानं सहज वाचतो. अडतो तो मोजक्या शब्दांवर, आणि ते अगदी साधे दिसणारे असल्यामुळे कुणी अर्थ विचारत नाही. ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वे स्टेशन नव्हे, मैलोन्‌मैल पसरलेलं गुराढोरांचं, मेंढरांचं रान. कोरुना डाउन्स हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या पिलबारा भागातलं असंच स्टेशन. ‘हाफ-कास्ट’ यातला कास्ट म्हणजे आपली जात नव्हे, ते गोऱ्यांनी रक्ताचं केलेलं मोजमाप आहे आणि आज तो शब्द अपमानाचा मानतात. ‘अर्धी जात’ असं भाषांतर उत्तरपत्रिकेत आलं की समजावं, हा शब्द वर्गात नीट उलगडलेला नाही. गोआना म्हणजे घोरपडीच्याच कुळातली. गिल्गी म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव. आणि ॲबोरिजिनल हा शब्द तसाच ठेवलेला बरा. ‘आदिवासी’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे गोंड, कोलाम, आंध येतात. ‘मूलनिवासी’ला तर आपल्याकडे वेगळंच राजकारण चिकटलेलं आहे.

आर्थर बोलतो ते इंग्रजी शाळेतल्या व्याकरणात बसत नाही. हुशार मुलं ते दुरुस्त करायला बसतात. त्यांना तेच दोन परिच्छेद आपल्या गावच्या बोलीत लिहायला लावा, ‘कामून’ आणि ‘काय करायलास’सकट. मग दुरुस्तीची भाषा बंद होते.

मराठवाड्यातली तुलना कामाला येते, पण तिथे घसरायलाही होतं. स्टेशनवर ॲबोरिजिनल मजुरांना बराच काळ पैशाऐवजी पीठ, चहा, साखर, तंबाखू मिळत असे. १ मे १९४६ रोजी पिलबारातल्या शेकडो मजुरांनी संप केला आणि तो १९४९ पर्यंत चालला. मुलं लगेच म्हणतात, म्हणजे सालगडी. अर्धं बरोबर आहे. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला दुसरा मालक धरू शकतो. तिथे मजूर ठेवायचा परवाना, राहायची जागा, पोरांचा ताबा, सगळ्यात सरकारचा हात होता. १९०५ च्या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानं १६ वर्षांखालच्या ॲबोरिजिनल लेकरांचा कायदेशीर पालक ‘चीफ प्रोटेक्टर’ हा सरकारी अधिकारी झाला, आई नाही. ग्लॅडिस पार्करव्हिलच्या बालगृहात वाढली, तिला बीडच्या ऊसतोड कुटुंबांच्या हंगामी वसतिगृहाशी जोडू नका. आपल्याकडे मायबाप मन घट्ट करून लेकरू मागं ठेवतात आणि हंगाम संपला की नेतात. हा फरक फळ्यावर लिहूनच पुढे जा.

आडनावाची गोष्ट मुलांना फार भावते. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागतो. कोरुना हे आर्थर आणि डेझीचं आडनाव मालकाच्या स्टेशनवरून आलेलं आहे.

सोबत लावायला सगळ्यात चांगलं पुस्तक लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचं आत्मचरित्र ‘उचल्या’. तेही १९८७ चंच. त्यांच्या जमातीवरचा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावर पुसला, पण पोलीस दारात येतच राहिले. मात्र दोन्ही पुस्तकं ‘शोषणाच्या कहाण्या’ म्हणून एका दावणीला बांधू नयेत. ‘उचल्या’तल्या पोराला आपण कोण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, गाव त्याला विसरू देत नाही. सॅलीला ते ठाऊकच नसतं, कारण घरच्यांनी भीतीपोटी लपवलेलं असतं. एकाला ओळख नकोशी करून सोडली, दुसरीला ती खणून काढावी लागली. चर्चा इथून सुरू करा, वर्ग दोन तास थांबत नाही.

खणण्याचा भाग आपल्या मुलांना शिकवावा लागत नाही. सॅली पर्थच्या बॅटी ग्रंथालयात जुनी कागदपत्रं धुंडाळते, जन्माचे दाखले मागवते. जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा पुरावा शोधत पणजोबांचा निर्गम उतारा आणि निजामकाळातल्या उर्दू-मोडी नोंदी चाळणारी घरं प्रत्येक वर्गात असतात. सॅलीलाही ॲबोरिजिनल शिष्यवृत्तीवरून ‘तू खरंच त्यांच्यातली का’ अशी विचारणा होते. मात्र या तासाला कुणाला जात विचारायची नाही, कुणाच्या घरचं उदाहरण फळ्यावर घ्यायचं नाही. स्वतःहून कुणी बोललं तर ऐकायचं.

पुस्तकात लैंगिक शोषणाचे आणि ग्लॅडिसचा बाप कोण याचे उल्लेख आहेत, आणि बोट स्टेशनमालकाकडे जातं. ते गाळू नयेत, पण आधी कल्पना द्यावी. स्टेशनमालकाच्या कुटुंबातून या दाव्यांना आव्हान देणारं पुस्तक २००१ मध्ये निघालं, हेही बारावीच्या मुलांना सांगावं. तोंडी साक्ष आणि कागद एकमेकांना छेदतात तेव्हा काय करायचं, कागद कुणाच्या हातात होता, यावर एक पूर्ण तास द्या.

परीक्षेत ‘ग्लॅडिसचा बाप कोण?’ असा प्रश्न घालू नका. नॅन काही गोष्टी शेवटपर्यंत सांगत नाही, आणि सॅलीही ते कबूल करून थांबते. प्रश्न असा घाला: नॅननं काय काय सांगितलं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी ती कुणाला भीत होती? दहा गुण, दीड पान.