रिफंडसाठी पिन टाकला आणि भिशीचे पैसे गेले

गेल्या आठवड्यात शेजारणीच्या मुलीने मोबाईल पुढे केला. नुकतंच लग्न झालंय, दोघं अंदमानला निघालीत. "काकू, बघा ना किती कमी पैशात देतायत." रील सुरू झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. पेजचं नाव वेगळं, नंबर वेगळा, पण आवाज तोच. "प्लास्टिक अजिबात आणू नका हं, जेवण स्टीलच्या डब्यात घ्या." आम्हाला फसवलं तो हाच. इतके दिवस लाजेपोटी मी हे माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. आता मात्र सगळं लिहिते.

आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. हे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. नगावर पैसे मिळतात. त्यातून भिशी भरली होती, ती यंदा माझ्या नावावर लागली. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात आयुष्य गेलं, एकदा तरी समुद्राच्या आत काय असतं ते बघायचं, असं मनात होतं. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की निघायचं ठरवलं. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमान.

जॉली बॉय बेटाचं नाव मी रीलमध्येच पहिल्यांदा ऐकलं. पोर्ट ब्लेअरजवळ (आता त्याचं नाव श्री विजयपुरम) वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातलं हे बेट. तिथे कोणी राहत नाही, सकाळी बोटीने जायचं आणि दुपारी परत यायचं. पाणी इतकं नितळ की वरून प्रवाळ दिसतात. मी नंबरवर मेसेज टाकला, लगेच फोन आला. मराठीत. "वहिनी, मी बार्शीचा. आपल्या जिल्ह्याची माणसं म्हटल्यावर तुमची काळजी मीच घेणार." बार्शीचा होता की नव्हता, देव जाणे.

त्याने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या. बेटावर जायला वनविभागाचा परवाना लागतो, हे खरं. प्लास्टिकला बंदी आहे, हेही खरं. हे बेट आणि रेड स्किन बेट आलटून पालटून उघडतात, तेही खरं. ह्यांनी यातलं एकेक नेटवर तपासलं, बरोबर निघालं. आमचा विश्वास बसला तो इथे. माहिती खरी असली म्हणजे माणूसही खरा, असं आम्ही धरून चाललो.

दोघांचे ८,४०० रुपये सांगितले. परवाना, बोट, स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घालून बघणं), काचेच्या तळाची बोट, जेवण, सगळं धरून. परवान्यासाठी म्हणून दोघांच्या आधार कार्डाचे फोटो मागितले, आम्ही दिले. दोन दिवसांत परवान्याची पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, आमची नावं, तारीख. ती तारीख सोमवारची होती.

रविवारी सेल्युलर जेल बघून आलो. सोमवारी पहाटे मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी स्टीलच्या डब्यात भरली. टॅक्सीवाल्याने निघतानाच विचारलं, "आज वंडूर? आज तो मंडे है, बंद रहता है." ह्यांनी लगेच फोन लावला. पलीकडून शांत उत्तर आलं, "काका, बंद काउंटरवाल्यांसाठी असतं. ऑनलाइन परमिटवाल्यांना सोडतात. त्या ड्रायव्हरला तुम्हाला दुसरीकडे न्यायचंय, कमिशन मिळतं त्याला." आम्ही खऱ्या माणसाचं सोडून खोट्याचं ऐकलं.

पावणेआठला जेट्टीवर पोहोचलो. चिटपाखरू नव्हतं. फाटकावरच्या रखवालदाराने परवाना हातात घेतला, मोबाईल जरा लांब धरून वाचला आणि मान हलवली. असा कागद इथला नाही म्हणाला.

इथपर्यंत गेले ते ८,४००. तिथेच फोन बंद केला असता तर एवढ्यावरच निभावलं असतं. पण आमचं परतीचं विमान बुधवारी होतं आणि मला मंगळवारी तरी समुद्र बघायचा होता. त्याला फोन केला तर तो आमच्यापेक्षा जास्त चिडलेला. "वनविभागाने ऐनवेळी घोळ घातला, मी आत्ता रिफंड काढतो. नऊच्या आत झालं तर उद्याचं परमिट पण बसवतो." आधी ह्यांच्या खात्यात ५ रुपये पाठवले, खातं बरोबर आहे का बघायला म्हणून. ते खरंच आले. मग ८,४०० चा क्यूआर कोड आला. "स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल."

ह्यांनी पिन टाकला. ८,४०० गेले.

तो म्हणाला, "अरेरे, उलटी एंट्री पडली. आता दोन्ही मिळून १६,८०० चा कोड देतो, एकदम परत येतील. पण काकांचं खातं अडकलं, वहिनींच्या फोनवरून करा." तो हिशोब मला बरोबर वाटला. आठ-चारशे दोनदा, म्हणजे सोळा-आठशे. भिशीचे पैसे माझ्याच खात्यात होते. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर एका अनोळखी बाईचं नाव आणि त्याखाली रक्कम होती. मी नाव वाचलं सुद्धा. तरी बोटं चालली. टॅक्सीवाला मागून "मॅडम, मत कीजिए" म्हणत होता.

म्हणून हात जोडून सांगते, यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार, समोरचा काहीही म्हणो. आणि एकदा फसल्यावर तोच माणूस पैसे परत देतो म्हणाला, तर त्याच्याशी एक शब्द बोलू नका. आमचे बुकिंगमध्ये गेले त्याच्या तिप्पट रिफंडमध्ये गेले.

हॉटेलवर आल्यावरसुद्धा आम्ही दुपारपर्यंत त्याच्या मेसेजची वाट बघत बसलो. काउंटरवरच्या मुलाने ओळखलं आणि १९३० नंबर लावून दिला. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, कुठल्या खात्यात गेले ते विचारतात. पुढचं खातं रिकामं व्हायच्या आत सांगितलं तर पैसे गोठवता येतात. आम्ही सहा तास घालवले होते. ३३,६०० पैकी ५,२०० एका खात्यात अडकवून ठेवल्याचं नंतर कळलं. सोलापुरात आल्यावर सायबर पोलिसांकडे जबाब दिला, स्टेटमेंट आणि सगळे स्क्रीनशॉट दिले. ते ५,२०० अजून हातात आलेले नाहीत.

मंगळवारी मी खोलीतून उठणार नव्हते. ह्यांनी ओढून नेलं. शहरातल्या जेट्टीच्या काउंटरवर रांगेत उभं राहून समोरच्या नॉर्थ बे किनाऱ्याचं तिकीट काढलं, पावती हातात घेतली. जुन्या लालसर वीसच्या नोटेवर जो दीपस्तंभ आहे ना, तो तिथलाच. गाईडने मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून पाण्यात खळबळून दिला, म्हणजे वाफ धरत नाही. तोंडात नळी, आणि पाण्यात डोकं घातलं. खाली निळ्या माशांचा एक थवा प्रवाळाभोवती फिरत होता, अगदी हाताच्या अंतरावर. मास्कमध्ये पाणी यायला लागलं म्हणून गाईडने मला वर काढलं. ते समुद्राचं नव्हतं, मी रडत होते.

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आम्ही आता लॉक करून ठेवलंय. कोणी हॉटेलसाठी प्रत मागितली तर मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. पहिले फोटो मात्र त्या माणसाकडे आहेतच. शेजारणीच्या मुलीने त्याचा नंबर ब्लॉक केला, पण तिने २,००० आधीच भरले होते. त्याच संध्याकाळी तिच्या फोनवरून आम्ही दोघींनी १९३० ला कॉल केला.