ब्रिटन की जर्मनी? ओईसीडीचं ‘डेटा एक्सप्लोरर’ वापरून पाहताना

परदेशी निधीवर चालणाऱ्या मुंबईतल्या संस्था असोत की कलिन्यात प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात गरीब देशांना दिल्या जाणाऱ्या सरकारी मदतीचा हात कोणी कधी आखडला हे पाहायचं असेल, तर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या डेटा एक्सप्लोरर या आकडेवारीच्या संकेतस्थळाइतकी भरवशाची जागा नाही. पैसे पडत नाहीत. २०२४ मध्ये ते जुन्या ओईसीडी.स्टॅटच्या जागी आलं, त्यामुळे जुन्या प्रबंधांतल्या लिंकांवर विसंबू नका.

तक्ता निवडायचा तो ‘डॅक १’, म्हणजे देणाऱ्या देशांचे एकूण आकडे. ‘सीआरएस’ या दुसऱ्या तक्त्यात एकेक प्रकल्प सुटा नोंदलेला असतो, या प्रश्नासाठी त्यात शिरलात तर दिवस वाया जाईल. देश, वर्षं आणि किंमत हे फिल्टर लावून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) उतरवून घ्या.

किंमतीचा फिल्टर मात्र जपून. चालू डॉलरमध्ये (त्या-त्या वर्षीच्या भावाने आणि विनिमय दराने) ब्रिटनची रेघ २०१६ ला खाली येते: सुमारे १८.५ अब्जांवरून १८ अब्ज. प्रत्यक्षात त्या वर्षी मदत १२.१ अब्ज पौंडांवरून १३.४ अब्जांवर गेली होती. ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर डॉलरच्या तुलनेत पौंड घसरला, एवढंच. २०२१ चा खड्डा मात्र खरा आहे, कारण तेव्हा सरकारनेच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांचं प्रमाण ०.५ वर आणलं. ते ०.७ ब्रिटनने २०१३ मध्ये गाठलं होतं आणि २०१५ मध्ये त्याचा कायदाही केला होता. म्हणून स्थिर किंमत (सगळी वर्षं एकाच आधारवर्षाच्या भावाने आणि विनिमय दराने मोजलेली) निवडा, आणि शेजारी टक्केवारीचा रकाना ठेवा. स्थिर किंमतीचं आधारवर्ष बदलत राहतं. गेल्या वर्षीची फाईल यंदाच्या फाईलला जोडू नका.

दुसरी अडचण २०१८ ची. त्या वर्षापासून मुख्य आकडा ‘अनुदान-समतुल्य’ पद्धतीने काढतात: कर्जातला सवलतीचा भागच मदत म्हणून धरतात. आधी कर्जाची पूर्ण रक्कम धरून परतफेड वजा होत असे. ब्रिटन बहुतेक अनुदानच देतं, त्याला फरक थोडा पडतो. जर्मनी केएफडब्ल्यू या आपल्या सरकारी विकास बँकेमार्फत भरपूर कर्ज देतं (आपल्या वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ लाही दिलंय), तिथे पद्धत बदलली की चित्र बदलतं. लांब पल्ल्याची रेघ काढायची तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत निव्वळ वितरणाचाच, म्हणजे परतफेड वजा करण्याच्या जुन्या पद्धतीचाच आकडा घ्या.

सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र बहुतेक जण उघडतच नाहीत: देणाऱ्या देशातच निर्वासितांवर झालेला खर्च. पहिल्या बारा महिन्यांचा हा खर्च नियमानुसार मदतीत धरता येतो. जर्मनी २०१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५२ टक्क्यांवर होती, २०१६ मध्ये ०.७० वर पोहोचली. पण त्यातला जवळपास चौथा हिस्सा जर्मनीतच खर्च झाला. ब्रिटनचंही २०२२ मध्ये तेच: १२.८ अब्ज पौंडांपैकी ३.७ अब्ज मायदेशातच. ही ओळ वजा न करता काढलेली तुलना छापू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गरीब देशांच्या हाती न पडलेला पैसा त्यांच्या नावावर चढवणं अन्यायाचं आहे.

एप्रिलमध्ये येतात ते प्राथमिक आकडे. प्रबंधात घेतलेत तर तसं लिहा, आणि अंतिम आकडे आले की तक्ता पुन्हा उतरवा.